राक्षसाची फजिती आणि लहान मुले

“झोप लवकर, नाहीतर बागुलबुवा येईल!” हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू आले नाही, असे मराठी घर सापडणे कठीण. घर मडगावचे असो, बेळगावचे असो, इंदूर-ग्वाल्हेरचे असो की बडोदा-हैदराबादचे असो. पिढ्या पालटल्या, शेजारची भाषा पालटली, तरी बागुलबुवा मराठी माणसाच्या पाठोपाठ येऊन बिऱ्हाड करून राहिलाच. त्याचे नाव काढताच मूल डोळे घट्ट मिटते, पांघरुणात शिरते आणि मोठ्यांचे काम होते. पण मूल झोपले म्हणजे त्याची भीतीही झोपली, असे मात्र नव्हे.

भीती दाखवून मिळवलेली आज्ञाधारकता फार स्वस्त वाटते. तिची खरी किंमत मागाहून चुकवावी लागते. बागुलबुवाच्या धाकातून मूल दोन गोष्टी शिकते. पहिली ही की, जगात आपल्याहून फार मोठे आणि फार बलवान असे काहीतरी आहे. ही गोष्ट खरीच आहे आणि मुलाला ती आज ना उद्या कळणारच असते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. ती अशी की, आपली आई, आजी किंवा गुरुजी त्या भयंकर प्राण्याला ओळखतात आणि वेळ पडल्यास आपल्याला त्याच्या स्वाधीन करायला तयार असतात! ज्यांच्या कुशीत शिरायचे, तीच माणसे राक्षसाच्या बाजूला उभी आहेत, असे ज्या बालकाला वाटले, त्याने धीर कोणाकडून घ्यावा?

या विषावरचा उतारा लोकपरंपरेने फार पूर्वीच शोधून ठेवला आहे, आणि तो म्हणजे राक्षसाची फजिती करणारी गोष्ट. अशा गोष्टी जगभर आढळतात. त्यांपैकी काहींत बळाला बळाने उत्तर मिळते. भीमाने बकासुराला मारले, ते भीमाच्या अंगी बळ होते म्हणून. पण पाच वर्षांच्या मुलाजवळ भीमाचे बळ कोठून असणार? त्याला अधिक जवळची वाटते ती पंचतंत्रातली सिंहाला विहिरीतले प्रतिबिंब दाखवणारी सशाची गोष्ट, किंवा भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या आपल्या म्हातारीची. मेंढरे राखणाऱ्या दाविदाने आडदांड गल्याथाला गोफणीच्या एका दगडाने पाडले, ही बायबलातली कथाही मुले जीव मुठीत धरून ऐकतात. कारण तेथेही लहानाने मोठ्याला नमवलेले असते.

या कुळातली एक अतिशय गोड गोष्ट आयर्लंडमधली आहे. फिन मॅककूल हा तिथला एक राक्षस. आपल्याकडच्या राक्षसासारखा तो माणसे खाणारा नव्हे. अंगाने अवाढव्य, पण मनाने साधा आणि बायकोवर फार माया करणारा. त्याच्या बायकोचे नाव उना. समुद्रापलीकडे स्कॉटलंडात बेनानडोनर नावाचा दुसरा एक राक्षस राहत असे. दोघांनी दुरूनच एकमेकांना आव्हाने दिली आणि फिनने रागाच्या भरात समुद्रात दगडांचा रस्ता बांधला. त्या रस्त्याने बेनानडोनर येताना दिसला मात्र, फिनची पाचावर धारण बसली. आलेला पाहुणा त्याच्याहून कितीतरी मोठा होता! फिन धावत घरी आला आणि बायकोला म्हणाला, “आता माझे काही खरे नाही.”

उना घाबरली नाही. तिने शेजारणींकडून लोखंडी तवे मागून आणले आणि एकवीस जाड भाकऱ्या थापल्या. प्रत्येक भाकरीच्या पोटात एकेक तवा दडवून तिने त्या भाजून काढल्या. एक भाकरी तेवढी साधी ठेवली. मग नवऱ्याला तान्ह्या बाळाचे टोपडे-अंगडे चढवून तिने भल्यामोठ्या पाळण्यात निजवले. दारावर धक्के बसले. “फिन कोठे आहे?” पाहुण्याने गर्जना केली. उना शांतपणे म्हणाली, “ते बाहेर गेले आहेत. बसा, भाकरी खा.” पाहुण्याने पहिला घास घेतला आणि कडाडकन त्याचे दोन दात पडले. “अगंबाई!” उना म्हणाली, “आमचे बाळदेखील हीच भाकरी खाते की!” आणि तिने साधी भाकरी पाळण्यात दिली. बाळाने ती मटामट खाल्ली. मग तिने पाहुण्याच्या हाती पांढरा दगड देऊन त्यातून पाणी काढायला सांगितले. त्याला ते जमेना. बाळाच्या हाती मात्र तिने गुपचूप दह्याचा चक्का ठेवला. बाळाने मूठ आवळताच पाणी टपटप गळू लागले. राक्षसाच्या मनात विचार आला, ‘ज्याचे तान्हे मूल असे, तो बाप कसा असेल!’ आणि तो जो पळाला तो वाटेतला दगडी रस्ता उखडत थेट स्कॉटलंडात जाऊन पोहोचला.

ही कथा मुळात तोंडोतोंडी चालत आलेली असल्यामुळे तिची रूपे अनेक आहेत. विल्यम कार्लटन या आयरिश लेखकाने ती नॉकमनी टेकडीची दंतकथा म्हणून लिहिली आणि १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहात ती आली. कार्लटनचा जन्म १७९४ सालचा, टायरोन परगण्यातल्या एका गरीब कुळवाड्याच्या घरातला. ज्या काळी आयर्लंडमधील कॅथलिक मुलांच्या शिक्षणावर कायद्याचे निर्बंध होते, त्या काळी कुंपणाच्या आडोशाला किंवा एखाद्या झोपडीत शाळा भरत. निर्बंध सैल झाल्यावरही टिकून राहिलेल्या अशाच शाळांत कार्लटन शिकला. पुढे कवी येट्स याने १८८८ च्या आपल्या संग्रहात ही कथा घेतली आणि जोसेफ जेकब्ज याने ती मुलांच्या पुस्तकात आणली. कार्लटनच्या कथेत पाहुण्या राक्षसाचे नाव कुकुलिन आहे. त्याचे सारे बळ उजव्या हाताच्या मधल्या बोटात असते आणि पाळण्यातला फिन ते बोटच चावून तोडतो. शेवटी पाहुण्याचा जीव जातो. दगडी रस्ता उखडून पळणारा बेनानडोनर हा लोकांच्या तोंडी असलेल्या दुसऱ्या रूपातला. दोन्ही रूपांतला गोड भाग घेऊन मुलांना गोष्ट सांगण्याचा प्रघात आहे आणि चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी पळून जाणाऱ्या राक्षसाचा शेवटच अधिक योग्य होय. राक्षस मेला की मूल सुटकेचा निःश्वास टाकते. राक्षस घाबरून पळाला की मूल खदखदून हसते. भीतीला घालवण्याचे सामर्थ्य निःश्वासापेक्षा हसण्यात अधिक आहे.

ही गोष्ट मुलांना इतकी का आवडते, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. बालकाच्या दृष्टीने सारे मोठे लोक राक्षसच असतात. टेबलाच्या उंचीवरून जो जगाकडे पाहतो त्याला वडिलांचे पाय झाडाच्या खोडांसारखे दिसतात आणि त्यांचा आवाज ढगांतून आल्यासारखा वाटतो. मोठे ठरवतात तेव्हा जेवायचे, मोठे सांगतात तेव्हा झोपायचे! ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने परीकथांवरील १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात याकडे लक्ष वेधले आहे. गोष्टीतला राक्षस म्हणजे एका परीने मोठी माणसेच, हे मूल न बोलता ओळखते आणि बुद्धीच्या बळावर आपलाही निभाव लागू शकतो, असा दिलासा त्याला मिळतो. गोष्टीचा अर्थ मुलाला फोड करून सांगू नये, नाहीतर तिची जादू जाते, असेही त्याचे म्हणणे होते. त्याच्या इतर मतांवर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु ही सूचना वर्गात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला अनुभवाने पटण्यासारखी आहे.

उनाच्या गोष्टीत याखेरीज आणखी एक खुबी आहे. तिच्यातला नायक स्वतःच राक्षस आहे आणि तरीही तो घाबरतो. एवढा मोठा फिन पाळण्यात टोपडे घालून पडलेला पाहून मुलांना गंमत तर वाटतेच. पण घाबरणे ही काही लाजेची बाब नव्हे, मोठेही घाबरतात, हेही त्यांना कळते. आणि घरातली सर्वांत शांत डोक्याची व्यक्ती आहे ती एक स्त्री, हे वर्गातल्या मुलींच्या नजरेतून सुटत नाही.

आता ही गोष्ट सांगावी कशी? पहिला नियम असा की, ती वाचून दाखवू नये, सांगावी. पुस्तकात डोके घातलेल्या शिक्षकाला मुलांचे डोळे दिसत नाहीत आणि या गोष्टीत तर डोळ्यांकडेच लक्ष हवे. भिंतीवर खडूने फिनच्या पावलाचा ठसा काढावा, दाराच्या चौकटीपर्यंत पोहोचणारा, आणि म्हणावे, “हा नुसता पाय हं!” बेनानडोनरचा आवाज जाड काढावा, पण ओरडू नये, ओरडण्याने भीती वाढते, जाड आवाजाने गंमत वाढते. एखादे मूल शेजाऱ्याला बिलगले किंवा त्याने कान झाकले, तर सांगणाऱ्याने तेथेच आवाज उतरवावा आणि उनाच्या भाकऱ्यांकडे वळावे. चार वर्षांखालच्या मुलांना राक्षस दाराशी येण्याचा प्रसंग लांबवून सांगूच नये.

दारावर धक्के बसले की गोष्ट क्षणभर थांबवावी. “आता उना काय करील?” असे विचारावे आणि उत्तरे ऐकून घ्यावीत. कोणी म्हणेल, कडी लावील. कोणी म्हणेल, पोलिसांना बोलावील. कोणी म्हणेल, मिरची डोळ्यांत टाकील! एकही उत्तर चुकीचे ठरवू नये. प्रत्येक उत्तर म्हणजे एका लहान डोक्याने मोठ्या संकटाशी घेतलेली झुंज असते. शिकवणे येथेच घडते. पुढे उनाची युक्ती कळते तेव्हा मूल तिच्याकडे नुसत्या कौतुकाने नव्हे, तर बरोबरीच्या नात्याने पाहते.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांगावी. मुलांना नव्याची हौस असते, पण जुन्याची अधिक असते. राक्षसाचे दात पडणार हे ठाऊक असूनही ती दात पडण्याची वाट पाहत असतात. किंबहुना ठाऊक असते म्हणूनच निर्भयपणे पाहतात. तिसऱ्या दिवशी गोष्ट मुलांनी सांगावी, चौथ्या दिवशी तिचे नाटक करावे. राक्षस व्हायला सगळेच पुढे येतील. उनाचे काम मात्र वर्गात सर्वांत मागे बसणाऱ्या, हळू बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. दांडगटाला शांतपणे “बसा, भाकरी खा” म्हणण्याची संधी त्याला आयुष्यात प्रथमच मिळत असेल.

गणिताला आणि हस्तव्यवसायालाही या गोष्टीत जागा आहे. मातीच्या एकवीस भाकऱ्या थापाव्यात, त्यांतल्या वीसांत खापरीचा तुकडा लपवावा आणि साधी भाकरी कोणती हे हातात घेऊन, वजनाने ओळखायला सांगावे. ताज्या दह्याचा चक्का फडक्यात पिळून दाखवावा. पाणी का गळते आणि दगडातून का गळत नाही, हा प्रश्न मुलेच विचारतील.

भाषेचा लाभ तर सर्वांत मोठा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या कुटुंबांत आज मुलांची मराठी अनेकदा स्वयंपाकघरापुरती उरते. ‘ये, जा, जेव, झोप’ यापलीकडचे शब्द त्यांच्या कानांवर पडत नाहीत. अवाढव्य, आडदांड, दचकला, पुटपुटला, कडाडकन, मटामट, पाचावर धारण बसली, हे शब्द पाठांतराने येत नाहीत. राक्षस दाराशी उभा असताना ते आपोआप मनात शिरतात. बेळगावच्या मुलाला कानडी शब्द आधी सुचला किंवा बडोद्याच्या मुलीला गुजराती, तर हटकू नये. तो शब्द स्वीकारावा आणि शेजारी मराठी शब्द ठेवावा.

गोष्टीला शिक्षणाच्या दारात मानाने उभे करण्याचे काम आपल्याकडे ज्यांनी केले, त्यांत भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३२ साली गुजरातीत प्रसिद्ध झालेल्या ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातला शिक्षक वर्गाशी नाते जोडतो ते गोष्टी सांगूनच. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि ती दृष्टी खेड्यातल्या, पुढे आदिवासींच्या अंगणापर्यंत नेली. मुलाला भय आणि बक्षीस या दोन्हींवाचून शिकवता येते, ही या मंडळींची श्रद्धा होती.

एक आक्षेप मात्र पालकांकडून हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. “उना तर खोटे बोलली! मुलांना लबाडी शिकवायची काय?” गंमत अशी की, हाच प्रश्न वर्गातले एखादे मूलही विचारते आणि तेव्हा शिक्षकाने त्याला गप्प न करता वर्गापुढे तो प्रश्न ठेवावा. उनाने कोणाचे काही घेतले का? तिने खरे सांगितले असते तर घरात काय घडले असते? भांडण करायला तिच्या दारी कोण आले होते? आणि पाटी फोडून “मी नाही फोडली” म्हणणे आणि उनाचे बोलणे हे एकच का? सहा वर्षांची मुले या प्रश्नांवर आश्चर्य वाटावे इतक्या गांभीर्याने बोलतात. सर्वांचे एकमत झाले नाही तरी बिघडत नाही.

युक्ती आणि लबाडी यांमधली रेषा किती नाजूक आहे, हे इंग्रजी कथांच्या इतिहासातही दिसते. घेवड्याच्या वेलावरून राक्षसाच्या घरी चढणारा जॅक सोन्याची नाणी आणि सोन्याची अंडी देणारी कोंबडी चोरून आणतो. १८०७ साली बेंजामिन टॅबर्टने ती कथा छापली तेव्हा त्यात एक परी येऊन जॅकला सांगते की, याच राक्षसाने तुझ्या बापाला लुबाडून मारले होते. चोरीला समर्थन हवे, असे तेव्हाही वाटले असावे! १८९० साली जेकब्जने ती कथा दिली तेव्हा परीला वगळले आणि जॅक पुन्हा नुसता धाडसी चोर झाला. उनाच्या गोष्टीला असल्या परीची गरज लागत नाही. तिने घेतले काही नाही. होते ते राखले.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्गात एखादे मूल असे असते की, ज्याच्या आयुष्यात राक्षस गोष्टीतला नसतो. शाळेच्या वाटेवर डबा हिसकावणारा मोठा मुलगा असतो, किंवा त्याहूनही जवळचे कोणी असते. त्या मुलाने गोष्टीवरून ‘मी एकट्यानेच युक्ती काढायला हवी’ असा अर्थ घेतला, तर गोष्ट त्याच्या डोक्यावर ओझे होऊन बसेल. म्हणून उनाने शेजारणींकडे तवे मागितले हा तपशील कधीही गाळू नये. संकटात तिने दार लावून घेतले नाही, तर ती शेजारी गेली आणि मदत मागून आली. मदत मागणे हाही युक्तीचाच भाग आहे. गोष्ट संपल्यावर एखादे मूल रेंगाळले आणि काही सांगू लागले, तर शिक्षकाने हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. अनेकदा गोष्टीचे खरे फळ त्या रेंगाळण्यात असते.

मुले शेवटी एक प्रश्न विचारतातच : “तो दगडी रस्ता खरा आहे का?” होय, खरा आहे. उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर सुमारे चाळीस हजार दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. बहुतेक सहा कोनांचे, काही पाच किंवा सात कोनांचे. समुद्रापार स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावरही तसेच खांब आहेत. म्हणून तर लोकांनी मधला रस्ता राक्षसाने उखडला अशी कल्पना केली. १९८६ साली युनेस्कोने अँट्रिमच्या या स्थळाची जागतिक वारशात नोंद केली. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थंड होता होता आकसला आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसा भेगाळत खोलवर तडकत गेला. त्यातून हे खांब झाले.

आणि तसले खांब पाहायला आयर्लंडला जाण्याचीही गरज नाही. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तशाच उभ्या खांबांची, सुमारे दोनशे फूट उंच आहे. इंदूरकरांना तर देवास जिल्ह्यातला बागलीजवळचा कावडिया पहाड जवळचाच. तेथील दगड महाबली भीमाने आणून टाकले, असे तिकडचे लोक सांगतात. सहा कोनी दगड पाहून तिकडे फिन आठवला, इकडे भीम. मुलांना हे सांगितले की, त्यांच्या डोळ्यांत निराळीच चमक येते. भेगाळलेल्या गाळाचा तुकडा हातात देऊन कोन मोजायला सांगितले की, पुढचा अर्धा तास वर्गात कोणाला गप्प बसवावे लागत नाही.

एवढे करून झाल्यावर शिक्षकाने आणि पालकाने एक पथ्य पाळावे. ज्या मुलाला बेनानडोनरची गोष्ट सांगितली, त्याला पुन्हा कधीही “दूध पी, नाहीतर बेनानडोनर येईल” असे म्हणू नये. गोष्ट सांगताना आपण त्याच्या शेजारी, उनाच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला बसलेले असतो. धमकी देताच आपण उठून दाराबाहेर राक्षसाजवळ जाऊन उभे राहतो, आणि मुलाला ते लगेच कळते.